अख्खा हॉल मावेल अशी लेन्स

डोंबिवली पूर्वेच्या शिवानीने आयुष्यात एकच गोष्ट हट्टाने मागितली होती, आणि तीसुद्धा आकाशातली. एक रात्र. मुरबाडच्या पुढे रस्त्याचे दिवे संपतात, तिथे एका माळावर बसून आकाशगंगेचा फोटो काढायचा, बस्स. दागिना नको, साडी नको, कुठे फिरायला न्या म्हणून रुसणं-फुगणं नाही. आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? एक रात्र तर आहे, जायचं आणि यायचं. असं म्हणणाऱ्याने आधी शांताबाईंच्या घरात सून म्हणून राहून दाखवावं, मग बोलू.

शिवानी माहेरची कळव्याची. कॉलेजात असताना रचना नावाच्या मैत्रिणीबरोबर ती एकदा त्या माळावर गेलेली. आकाशवेड्या पोरापोरींचा एक गट आहे, रचनाच तो चालवते. त्या रात्री शिवानीने मान वर केली आणि ती चक्क रडायला लागली. एवढे तारे असतात आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही, याचा तिला रागच आला. नौपाड्यातल्या एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला नोकरी लागली तसा तिने पगार साठवून कॅमेरा घेतला. त्याच्याबरोबर आलेली लेन्स साधीच होती, पुढे चांगली घेऊ म्हणाली. तेवढ्यात लग्न ठरलं. तिच्या आईने कौतुकाने तो कॅमेरा रुखवतात मांडला, साखरेच्या तुळशीवृंदावनाच्या शेजारी. झालं! रुखवतात मांडलं की ते घराचं. तेव्हापासून तो कॅमेरा शिवानीचा राहिला नाही. नणंदेचं डोहाळजेवण, सोसायटीचा गणपती, शेजारच्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन, सगळीकडे "शिवानी, आपला कॅमेरा घे गं" असंच सुरू झालं.

शांताबाई म्हणजे तिच्या सासूबाई. देवगडकडच्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. सुनेला ताटात गरम वाढतील, तिचं डोकं दुखलं तर रात्री उठून बाम चोळतील. पण अमावास्या आली की त्यांचं सगळं शहाणपण कुठे जायचं देव जाणे. अवसेला प्रवास नाही, अवसेला नवीन वस्तू नाही, अवसेला दिवेलागणीनंतर घरच्या बाईने उंबरा ओलांडायचा नाही. आणि त्यांची अवस एका दिवसात आटपायची नाही. आदल्या दिवशी ती "लागलेली" असायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत "अजून उतरायची" असायची. आता बघा गंमत. ताऱ्यांचा फोटो काढायचा तर काळोख हवा, चंद्र नको. म्हणजे अवसच हवी. रचनाचा गट जायचा तो नेमका अवसेला. शिवानीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा शांताबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की पोरीला वाटलं आपण स्मशानात जायची परवानगी मागितली.

"दुसरा एखादा दिवस बघा म्हणावं. पौर्णिमेला जा ना, लख्ख दिसेल."

"अहो आई, लख्ख दिसलं की तारे दिसत नाहीत."

"मग असले तारे बघायचेच कशाला?"

यावर काय बोलणार, कपाळ!

नवरा सुदेश मात्र तसा नव्हता. तो बिचारा दोन्हीकडून हो म्हणणारा. आईचंही बरोबर, बायकोचंही बरोबर. "करू गं काहीतरी" हे त्याचं आवडतं वाक्य, आणि त्या काहीतरीत शिवानीची दोन वर्षं गेली. शेवटी संक्रांत झाल्यावर तिने ठरवलं, निदान लेन्स तरी घ्यायची. पगार तिचा, कॅमेरा तिचा, विचारायचं कोणाला? पण त्या घरात कोणाला विचारायचं हा प्रश्नच नव्हता, सगळे आपणहून सांगायचे. शांताबाईंना अशी लेन्स हवी होती, जिच्यात माणूस गोरा आणि बारीक दिसतो. नणंदेला मागचं धूसर करणारी. आणि सुदेश म्हणाला, "अगं, एकच घे ना, सगळ्याला चालेल अशी. ताऱ्यांना पण आणि रोजच्या वापराला पण. वर्षातून एकदा वापरायची वस्तू घेऊन ठेवायची म्हणजे आई काय म्हणेल?"

आणि इथे शिवानी चुकली बरं का. "हो, रोजच्या वापराला पण येईल," म्हणून बसली. कबूल करून बसली बया! ताऱ्यांसाठी हवीय, माझ्यासाठी हवीय, एवढं तोंडातून निघालं नाही.

नौपाड्यात तिच्या दवाखान्याजवळच कॅमेऱ्याचं जुनं दुकान होतं, सहदेवकाकांचं. शनिवारी दोघं तिथे गेली. सहदेवकाकांनी काचेवर तीन लेन्स मांडल्या आणि बोलायला लागले, ते सुदेशशी. लेन्स घेणारी समोर उभी, पण काकांची मान काही तिच्याकडे वळेना.

"ही बघा साहेब, झूम. जवळचं, लांबचं, सगळं एकीत. लग्नात हीच चालते."

"पण हिचं तोंड लहान आहे," शिवानी म्हणाली. "उजेड कमी घेते. काळोखात काय येणार हिच्यात?"

"काळोखात फोटो कशाला काढायचे मॅडम?" काका हसले. सुदेशही हसला. तिने दात आवळले.

दुसरी लेन्स पस्तीसची. हिचं तोंड मोठं, उजेड भरपूर, माणसांचे फोटो झकास. खरं सांगायचं तर रोजच्या वापराला हीच घ्यावी, घरातल्या घरात ऊठसूट उपयोगी. पण आकाशाचा हिच्यात एवढासा तुकडा मावणार. आकाशगंगा म्हणजे या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, ती खिडकीच्या फटीतून कशी बघायची? शिवाय तारे सरकत असतात. लांबचं ओढून घेणाऱ्या लेन्सने जरा जास्त वेळ उजेड घेतला की ठिपक्यांच्या रेघा होतात. रुंद लेन्सला तेवढा वेळ मिळतो. आणि तिसरी होती ती तशी रुंद. बारा एमएमची. झूम नाही, फोकस हाताने करायचा, तोंड हे एवढं मोठं. शिवानीने ती कॅमेऱ्याला लावून डोळ्याशी धरली आणि ते अरुंद दुकान एकदम लांबच लांब पसरलं. कपाटं मागे सरकली, छत वर गेलं. तिला छातीत मोकळं वाटलं. हीच.

"हिच्यात माणसं चांगली येत नाहीत हं," काकांनी सुदेशला बजावलं. "कडेला उभा राहिला तो जाड होतो."

सुदेशने शिवानीकडे पाहिलं. "रोजच्या वापराला कशी येईल मग?"

आणि घाईघाईने, लेन्स हातची जाऊ नये म्हणून, शिवानी बोलून गेली, "अरे, हिच्यात आपला अख्खा हॉल मावतो."

तिला तेव्हा काय माहीत, की या एका वाक्याने आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय.

घरी येऊन तिने ते खरं करून दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात कोपऱ्यात टेकून उभी राहिली आणि हॉलचा फोटो काढला. आला की अख्खा! नुसता आला नाही, केवढा मोठा आला. रोज ज्या सोफ्याला गुडघा आपटतो तो पार पलीकडच्या किनाऱ्याला गेलेला. शांताबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हे आपलं घर?" सुदेशने कौतुकाने तो स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत त्याचा शाळासोबती बंटी याचा फोन. बंटी डोंबिवली-कल्याणात जागांची दलाली करायचा.

"साल्या, नवीन घर घेतलं आणि मला सांगितलं पण नाही? दुसऱ्या एजंटकडून घेतलंस?"

सुदेश हसून हसून लोळायचा बाकी राहिला. बंटी मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन दारात हजर. "वहिनी, तुमच्या हातात जादू आहे. एक फ्लॅट विकला जात नाहीये, लोकांना फोटोतच खुराडं वाटतं. दोन फोटो मारून द्या ना."

एकदा दिले. तो फ्लॅट गेला. मग काय विचारता! बंटीला दुसरा फोटोवाला दिसेनासाच झाला. आणि वेळ कुठली काढली त्याने? अवसेची. कारण सरळ होतं. अवसेला कोणी गिऱ्हाईक घर बघायला येत नाही, टोकन देत नाही. बंटी रिकामा आणि सगळ्या चाव्या त्याच्या खिशात. शिवानीही त्या दिवशी मोकळी, कारण अवसेला दात काढून घ्यायला कोणी येत नाही आणि तिचे डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करतात. ही अर्ध्या दिवसाची सुट्टी तिने मनातल्या मनात माळावर जायला राखून ठेवली होती. दुपारी घरी यायचं, सामान भरायचं, संध्याकाळी कल्याणला रचनाच्या गाडीत बसायचं. माघातल्या अवसेला ती जाणारही होती, पण शांताबाईंचं बीपी वाढलं आणि राहिलं. फाल्गुनातल्या अवसेला बंटीने सुदेशकडून परस्पर वेळ ठरवून घेतली. चैत्रातल्या अवसेला पुन्हा तेच. पश्चिमेकडे तोंड असलेला हॉल संध्याकाळीच उजळतो, म्हणून बंटीचा शेवटचा फ्लॅट नेहमी मावळतीला. तो संपवून ती जिने उतरेपर्यंत रचनाची गाडी मुरबाड रोडला लागलेली असायची.

परक्यांच्या बंद खोल्यांमध्ये कोपऱ्याला पाठ चिकटवून उभं राहायचं, हे तिचं काम. संडासाच्या दारात, कधी ओट्यावर चढून, कधी कपाटात अर्धं शिरून. जेवढं मागे सरकता येईल तेवढं सरकायचं, मग खोली मोठी दिसते. समोरच्या टॉवरची भिंत खिडकीत येणार नाही असा कोन धरायचा. ओल आलेला कोपरा वगळायचा. संध्याकाळी घरी आली की तिला श्वास घ्यावासा वाटायचा आणि घ्यायला जागा सापडायची नाही. एकदा ती शांताबाईंना म्हणालीच, "आई, अवसेला दुपारपासून लोकांच्या रिकाम्या घरांत फिरते ते तुम्हाला चालतं. मग माळावर गेले तर काय झालं?"

"ते काम आहे," शांताबाई म्हणाल्या. "आणि हे काय आहे?"

शिवानी आत जाऊन बॅग रिकामी करायला लागली. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला दहा उत्तरं सुचली आणि एकही उपयोगाचं नव्हतं, कारण बाजूला सुदेश घोरत होता आणि पलीकडच्या खोलीत शांताबाई जपमाळ ओढत होत्या. आपण या घरात कोंडलो गेलोय, तिने पहिल्यांदा स्वतःशी स्पष्ट म्हटलं. वाईट याचं वाटलं, की कडी कोणी लावलीय असं बोट दाखवायलाही कोणी सापडेना. सगळेच चांगले!

वैशाखातली अवस शेवटची. त्यानंतर ढग, मग पाऊस, तो सरेपर्यंत दिवाळी, आणि आकाशगंगा थेट पुढच्या वर्षी. रचनाने निक्षून सांगितलं, "यंदा नाही आलीस तर मी तुला विचारायचं सोडून देणार." शिवानीने घरात जाहीर केलं, मी जाणार. भांडायच्या तयारीने पदर खोचून उभी होती, तर काय आश्चर्य! शांताबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. वर डब्यात पोळ्या देते म्हणाल्या. सुदेश म्हणाला, "मी कल्याणपर्यंत सोडायला येतो. बंटीला पण सांगितलंय, आज फोटो नाहीत." पोरीला हा सगळा प्रकार खरा वाटेना. गेले आठ-पंधरा दिवस मायलेक स्वयंपाकघरात कुजबुजायची आणि ती आली की गप्प व्हायची, ते तिने पाहिलं होतं. पण आनंदात माणूस खोलात शिरत नाही. तिने लेन्स पुसली, तिवई बांधली आणि नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसली.

कल्याणात शिरल्यावर सुदेशने स्कूटर आडवाटेला घातली. "दहा मिनिटं फक्त. एक गंमत दाखवतो. आईला सांगू नको हं आज इथे पाऊल टाकलं म्हणून, अवस आहे." एका इमारतीखाली थांबला. शिवानीने वर पाहिलं. ही इमारत तिने पाहिली होती. हा जिना ती चढली होती. चौथ्या मजल्यावर सुदेशने खिशातून चावी काढली. त्याचा चेहरा शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा फुलला होता.

"आपलं आहे," तो म्हणाला. "अक्षय्य तृतीयेला टोकन दिलं. बंटी म्हणाला मुहूर्त सोडू नको, दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय. तुझे फोटो झाल्यावर आत महिनाभर भाडेकरू होता, बघायला मिळेना. पण मी म्हटलं, फोटो तर पाहिलेत! माझ्या बायकोने काढलेत, आणखी काय बघायचं? आईला तर एवढे आवडले! देव्हारा कुठे ठेवायचा ते पण तिने ठरवलंय."

दार उघडलं. सुदेश आत गेला, हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि हसत हसत इकडे तिकडे बघायला लागला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र काहीतरी शोधायला लागले. तो भिंतीपर्यंत चालत गेला, परत आला. आतल्या खोलीत डोकावला.

"शिवानी, हॉल... याच्या पुढे आणखी आहे ना?"

"नाही रे," ती म्हणाली. "एवढाच आहे."

"पण फोटोत..."

"फोटोत मी त्या मोरीच्या दारात उभी होते. पाठ टाइल्सला लावून."

तो खिडकीशी गेला. समोर हाताच्या अंतरावर टॉवरची भिंत, तिच्यावर पाण्याचे पाइप. फोटोत तिथे नुसता उजेड होता. त्यांचा डोंबिवलीचा जुना हॉल याच्यापेक्षा बरा. सुदेश खिडकीच्या कट्ट्यावर मटकन बसला. शिवानीला त्याची एवढी दया आली, की क्षणभर तिला वाटलं जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवावा. आपणच फसवलं याला, आपल्याच लेन्सने.

"तू सांगायचंस ना," तो पुटपुटला. "या फोटोंवर जाऊ नको म्हणून."

आणि मग तिची ती दया भसकन विझली. "कधी सांगायचं? मला विचारलंस कधी? घर घेतलंस आणि घरात राहणारीला विचारलं नाहीस! आईंना माहीत, बंटीला माहीत. मी कोण, फोटो काढणारी बाई?"

"सरप्राइज होतं गं." मग जरा थांबून तो खाली बघत म्हणाला, "आणि बंटीने दलाली घेतली नाही. म्हणजे... मी त्याला म्हटलं, वर्षभर फोटो शिवानी काढून देईल. फुकट. अवसेलाच तर काढायचे असतात."

शिवानीने मनात मोजल्या. वर्षभराच्या अवसा. त्या तिच्या होत्या का नव्हत्या हे तिलाही कधी नीट ठरवता आलं नव्हतं, पण नवऱ्याने त्या देऊनही टाकल्या होत्या. चार भिंती एकदम अंगावर आल्यासारख्या झाल्या. उजेड उतरत चालला होता. तिची पर्स कट्ट्यावर सुदेशच्या बाजूला पडली होती आणि आतला फोन वाजायला लागला. रचनाचा असणार. गाडी नाक्यावर उभी असणार. तिने पाऊल उचललं, पण सुदेशने सवयीने फोन काढला आणि कानाला लावला.

"हां, रचना, सुदेश बोलतोय. नाही गं, तिला नाही जमणार आज. घरचं काम निघालं. हो, ती पण म्हणाली, पुढच्या वर्षी बघू."

एवढं सहज बोलला तो. आवाजात ना खोटेपणा ना वाईटपणा. जणू ती खरंच तसं म्हणाली होती आणि त्याने फक्त निरोप पोचवला. शिवानी त्याच्याकडे बघत राहिली. माघात असंच सांगितलं असेल. फाल्गुनात बंटीला असंच. आईला असंच. तिचं "हो" आणि तिचं "नाही" हा माणूस दोन वर्षं तिच्या वतीने बोलत होता, आणि तिने बोलू दिलं होतं.

तिने त्याच्या हातातून फोन घेतला. "रचना, थांब. येतेय मी. पोचतेच." मग पर्स आणि कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली, तिवई उचलली.

"अगं, काय करतेस? आत्ता? हे असं टाकून?" सुदेश कट्ट्यावरून उठला. "बंटीशी बोलायला नको? टोकनचं काय करायचं? शिवानी, थांब ना. मी एकट्याने कसं..."

ती दारापर्यंत गेली. मागे वळली तर त्या एवढ्याशा हॉलमध्ये तो मधोमध उभा, आणि त्याचा चेहरा अगदी लहान पोरासारखा झालेला. थांबावं असं तिला वाटलं. मनापासून वाटलं.

"बंटीला सांग, तुझी दलाली पूर्ण घे. मी अवसेचे फोटो काढणार नाही."

"आणि आईला?" तो कळवळून म्हणाला. "आईला काय सांगू?"

जिन्यात दिवा नव्हता. शिवानीने कठड्याला हात लावला आणि उतरायला लागली.

"खरं ते सांग," ती खालून म्हणाली. "घर लहान आहे, आणि मी सकाळी येते."